विज्ञानाचा कॅमेरा आणि पोटापाण्याचा प्रश्न

2015 च्या पावसाळ्यात मराठवाडा सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळात होरपळत असताना औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विमानतळावरून कृत्रिम पावसासाठी विमान उडाले. 2019 साली तोच प्रयोग येथूनच पुन्हा झाला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर विमान दिसले, ढग दिसले. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो मुख्य प्रश्न, तो मात्र बहुधा बाजूलाच राहिला. पडलेला पाऊस फवारणीमुळे पडला, की तो एरवीही पडलाच असता?

या प्रश्नाला शास्त्राजवळ उत्तर नाही असे नव्हे. फवारणीने ढग निर्माण होत नाहीत. असलेल्या ढगात मिठाचे वा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून त्यातील जलबिंदू वाढावेत, एवढाच तो प्रयत्न असतो. आकाश कोरडे असेल तर विमानाची फेरी व्यर्थ. परिणाम मोजावयाचा तर काही ढगांत कण सोडावयाचे, तशाच काही ढगांना हात लावावयाचा नाही, आणि दोहोंच्या पावसाची तुलना करावयाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 व 2019 मध्ये सोलापूर परिसरात अशीच तुलना केली आणि योग्य ढग मिळाल्यास पाऊस काही प्रमाणात वाढतो, असा निष्कर्ष काढला. म्हणजे हा चमत्कार नव्हे, थोतांडही नव्हे. पण दुष्काळाचे निवारणही नव्हे. दहा मिनिटांच्या चित्रफितीत हे सारे गावच्या चावडीवर समजावता येईल. ती चित्रफीत करावयाची कोणी?

या देशाला असा विचार कधी सुचलाच नव्हता असेही नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात 'साइट' प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहावरून शेती, आरोग्य व विज्ञानाचे कार्यक्रम पोचविले गेले. निजामी राजवटीत मराठवाड्याबरोबर नांदलेले गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यात होते. मराठवाडा नव्हता, कारण महाराष्ट्रच त्या सहा राज्यांत नव्हता. पुढे 1989 मध्ये केंद्राने विज्ञानप्रसारासाठी 'विज्ञान प्रसार' ही स्वायत्त संस्था स्थापिली. 2023 मध्ये ती बंद करण्यात आली. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आले. कर्तव्य नागरिकाच्या माथी आणि त्याची साधने मात्र गुंडाळलेली, असा हा व्यवहार आहे.

आता मोबाइल प्रत्येकाच्या हाती आहे, मग वेगळा विज्ञानपत्रकार कशाला, असे विचारले जाते. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. तो रंग टिपणे कोणासही शक्य होते. परंतु पाणी घटून क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजल्याने तो रंग आला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांनी नमुने तपासल्यावरच स्पष्ट झाले. रंग क्षणात टिपता येतो. कारणासाठी थांबावे लागते, शोधनिबंध वाचावा लागतो, शास्त्रज्ञाला उलट प्रश्न विचारावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि श्रमिकाचा वेळ म्हणजे त्याची भाकरी. केवळ प्रेक्षकसंख्येवर पैसा देणारा बाजार कारणापेक्षा चमत्काराला अधिक भाव देणार, यात नवल नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी कॅमेरा घेऊन फिरणारा बातमीदार आज बहुधा कोणाचाच नोकर नसतो. बातमीमागे मिळेल ते मानधन, प्रवास आणि उपकरणे स्वतःच्या खर्चाने. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तपत्रांतील पत्रकारांना वेतनमंडळ दिले. दूरचित्रवाणीचा पत्रकार त्याबाहेर राहिला. 2020 च्या श्रमसंहितेत इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा उल्लेख आला खरा, परंतु ज्याला नेमणूकपत्रच नाही त्याला त्या उल्लेखाचा उपयोग काय? अशा स्थितीत भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला जालना-बीडचा तरुण हा पेशा पत्करील, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा आणि विज्ञानाचा विद्यार्थी एकत्र शिकतील असा अभ्यासक्रम हवा, त्याला शिष्यवृत्तीची जोड हवी. सह्याद्री वाहिनीवर मराठवाड्याच्या पाणी, माती व आरोग्याच्या प्रश्नांना नियमित वेळ हवी. बातमीमागे किमान दर आणि लेखी करार हवा. कार्यकर्त्यांनी या कॅमेरेवाल्यांना केवळ मोर्चाची छायाचित्रे काढण्यापुरते न बोलावता त्यांच्या संघटनेला हात द्यावा.

दुष्काळात विहीर कोठे खोदावी हे जसे महत्त्वाचे, तसेच पाणी कोणत्या उपायाने येईल आणि कोणत्या नाही हे जाणणेही महत्त्वाचे. ज्या जनतेला कारण कळत नाही, ती आकाशातल्या विमानाकडे पाहत राहते आणि जमिनीवरचा जाब विचारावयाचा राहून जातो.