नक्षी जनुकाची, मग चक्कर कुणाची?

बॉल पायथन हा घाना, टोगो, बेनिनकडचा बुटका, भित्रा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. अमेरिकेतल्या हौशी पैदासकारांनी गेल्या तीसेक वर्षांत त्याला पिवळा केला, पांढराफटक केला, केळ्याच्या रंगाचा केला. माझं भांडण रंगांशी नाही. ज्या आनुवंशशास्त्राच्या जिवावर ही मंडळी डॉलर मोजतात, त्याची पहिली इयत्ताही त्यांना पास व्हायची नाही, याची मला चीड आहे.

'६६ टक्के हेट' हा त्यांचा लाडका शिक्का घ्या. अल्बिनो हा अप्रभावी गुण. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलं, तरच पिल्लू अल्बिनो. एकाकडूनच आलं तर ते विषमयुग्मजी, बाजारात 'हेट', आणि दिसायला चारचौघांसारखं. दोन हेटांची जोडी लावली, तर साध्या दिसणाऱ्या दर तीन पिल्लांत सरासरी दोन हेट. म्हणून ६६ टक्के. ही शक्यता झाली! तरी मला छातीठोकपणे सांगतात, की या पिल्लात अल्बिनोचं रक्त ६६ टक्के आहे. अहो, जनुक एकतर असतं किंवा नसतं. दोन-तृतीयांश जनुक बाळगणारा साप कुठल्या अंड्यातून निघाला?

वर यांचा हिशेब असा, की हेटांच्या जोडीच्या चार अंड्यांत एक अल्बिनो हमखास. प्रत्येक अंड्याचा निकाल स्वतंत्र असतो, शेजारच्या अंड्याला विचारून लागत नाही. चारांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के येते. पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण. एवढा गुणाकार न करता हे गृहस्थ हेट विकणाऱ्याला लबाड ठरवून मोकळे होतात.

इथवरचं अज्ञान फक्त खिशाला लागतं. 'स्पायडर'चं मात्र सापाला भोगावं लागतं.

स्पायडर म्हणजे अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी. गुण प्रभावी, म्हणजे एकच प्रत पुरते. या सापांची मान वाकडी होते, डोकं मळसूत्रासारखं फिरतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो, काही तर उलटेच पडून राहतात. पैदासकार याला 'वॉबल' म्हणतात आणि कारणांची रांग लावतात. इनक्युबेटर तापला, ग्राहकाने फार हाताळला, अमक्याची वंशरेषाच खराब. तुम्हीच बघा: एकाच मादीची अंडी, एकच इनक्युबेटर, एकच तापमान. नक्षीवाली पिल्लं झुलतात, साधी भावंडं नीट सरपटतात. मग दोष तापमानाचा कसा? नक्षी आली की ती जनुकाची देणगी, आणि तिच्याबरोबरच आलेली चक्कर म्हणजे ग्राहकाचा गलथानपणा! एका जनुकाचे अनेक परिणाम होतात. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांतला बहिरेपणा जगाला ठाऊक आहे. स्पायडर सापांच्या अंतर्कर्णाची रचनाच विकृत असते, हे २०२२ मध्ये स्कॅन करून दाखवून झालंय. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने तर त्याआधीच, २०१८ मध्ये, आपल्या प्रदर्शनांत त्यांची विक्री बंद केली.

पैदासकारांचा विज्ञानावर विश्वास नाही म्हणावं, तर तसंही नाही. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच पैदासकारांकडून सापांच्या काती मागवल्या आणि अल्बिनोपणाचं मूळ टायरोसिनेज या विकराच्या जनुकात शोधून काढलं. आता कात पाठवली की हेट आहे की नाही ते कळतं, त्यामुळे ६६ टक्क्यांच्या आडोशाला उभं राहायची सोयही संपली. म्हणजे हेट सिद्ध करून भाव वाढवणारा डीएनए खरा आणि स्पायडरचा धंदा बुडवणारा डीएनए खोटा. हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे, आणि तो मी अज्ञान म्हणून माफ करणार नाही.

विक्रेता 'थोडासाच वॉबल आहे' म्हणाला, तर त्याला त्याच वेळच्या अंड्यांतली साधी भावंडं दाखवायला सांगा. ती का झुलत नाहीत, एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत पाकीट उघडू नका.