लिंबूटिंबू संघात आला, तर?

बालमित्रांनो,

मधल्या सुट्टीत गडी वाटताना काय गंमत होते, ते तुम्हांला मी सांगायला नको. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात. बाकीचे जोडीजोडीनं बाजूला जातात, कानात काहीतरी कुजबुजतात आणि गळ्यात हात घालून परत येतात. "आंबा पाहिजे की फणस?" कप्तान म्हणतो, "आंबा!" झालं, आंबा इकडे, फणस तिकडे. असं करता करता शेवटी एक चिमुरडा उरतो. त्याला कुणीच मागत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे रे, तो लिंबूटिंबू!" म्हणजे तो खेळणार, पण त्याला कुणी गड्यांत मोजणार नाही.

आमच्या तुळिंजच्या शाळेत परवा या लिंबूटिंबूवरूनच मोठं भांडण झालं. गेल्या वर्षी आमचा कबड्डीचा संघ पहिल्याच फेरीत हरला होता. यंदा निम्मा वर्ग म्हणाला, "सातवीतले जुने गडी काढा, पाचवीतली नवी पोरं घ्या." उरलेला निम्मा वर्ग म्हणाला, "त्यांना काय येतंय? नुसते चिरडले जातील." शेवटी सगळे माझ्याकडे आले. "बाई, तुम्हीच सांगा. नवे गडी घेतले की संघ सुधारतो का?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." खरं सांगू का? मलाही विचार करायला वेळ हवा होता. त्या विचारातून जे सापडलं, ते आज तुम्हांला सांगते.

आधी थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. तिकडे एक फुटबॉल आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! तिथल्या व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू वाटून घ्यायची एक पद्धत काढली. तिला ते 'ड्राफ्ट' म्हणतात. पहिला ड्राफ्ट झाला १९३६ साली. नियम मोठा मजेदार आहे. गेल्या मोसमात जो संघ सर्वांत शेवटी राहिला, त्यानं नवा खेळाडू सर्वांत आधी निवडायचा आणि जो पहिला आला, त्यानं शेवटी. आपल्याकडे धट्टाकट्टा कप्तान आधी गडी मागतो. तिथे उलटं! हरलेल्यालाही पुढच्या वर्षी उभं राहता यावं, हा त्यामागचा विचार.

मग हरणारे संघ लगेच सुधारले का? ऐका. अगदी पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी ज्याचं नाव पुकारलं गेलं, तो जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! १९९८ साली पहिला निवडला गेला पेटन मॅनिंग. त्याचा संघ आदल्या वर्षी १६ पैकी ३ सामने जिंकला होता. मॅनिंग आला आणि संघ किती सामने जिंकला असेल? पुन्हा तीनच! पण त्याच्या पुढच्या वर्षी १३. म्हणजे नवा गडी आला, पहिलं वर्ष पडण्या-झडण्यात गेलं आणि फळ दुसऱ्या वर्षी दिसलं. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा निवडलेला रायन लीफ मात्र कधीच रुळला नाही. आणि टॉम ब्रेडी? २००० साली त्याचं नाव आलं १९९ वं. पहिल्या वर्षी तो बहुतेक वेळ बाकावर बसून मोठ्यांचा खेळ बघत होता. पुढे तो अंतिम विजेतेपद एकूण सात वेळा जिंकला.

म्हणजे काय, तर निवडणाऱ्याला भविष्य दिसत नाही. आंबा म्हणून घ्यावं आणि कैरी निघावी. कधी कैरी म्हणून टाकलेला आढीत पिकून हापूस निघावा!

आता आपल्या मातीत येऊ. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. तिच्यात मोठ्या खेळाडूंचा लिलाव होतो, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. शिवाय कमी मानधनावर नवोदित तरुण खेळाडूंना संघात घ्यायचीही सोय आहे. दिल्लीचा दबंग संघ पहिली पाच पर्वं बाद फेरीपर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. सहाव्या पर्वात, २०१८ मध्ये, त्यांनी हरयाणाचा नवीन कुमार हा १८ वर्षांचा मुलगा असाच घेतला. त्या वर्षी दिल्ली पहिल्यांदा बाद फेरीत गेली. २०१९ मध्ये ती अंतिम सामन्यात हरली. आठव्या पर्वाच्या अंतिम सामन्यात मात्र, २५ फेब्रुवारी २०२२ ला, दिल्लीनं पाटण्याला ३७-३६ असं एका गुणानं हरवलं आणि विजेतेपद मिळवलं.

"म्हणजे एका नव्या गड्यानं संघ सुधारला!" असं तुम्ही म्हणाल. थांबा. गणिताच्या तासाला मी विचारते ना, "रीत कुठे आहे?" तसं इथेही विचारायचं. सहाव्या पर्वात दिल्लीनं नवीनच्या जोडीला जोगिंदर नरवालसारखा मुरलेला कप्तान दिला होता. आठव्या पर्वात तर मनजीत छिल्लर, जीवा कुमार असे वर्षानुवर्षं खेळलेले पकडपटू त्यांनी मुद्दाम घेतले. मधेच नवीन दुखावला आणि काही सामने बाहेर बसला. तेव्हा संघ कुणी सांभाळला? या बाकीच्यांनी! नवीन हुशार होता, यात शंकाच नाही. पण तो चढाईत बाद होऊन बाहेर बसला की त्याला पुन्हा आत आणण्यासाठी मागे कुणीतरी समोरचा गडी बाद करावा लागतो. कबड्डीचा हा नियम किती सुंदर आहे बघा. बाहेर गेलेला गडी स्वतःहून आत येऊ शकत नाही. त्याला त्याचे सोबतीच जिवंत करतात.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही पर्वांत गुणतक्त्याच्या तळाशी होती. मग मोठमोठे खेळाडू आले, गेले, पण विजेतेपद काही मिळेना. हळूहळू त्यांनी तरुण पोरं जमवून ती टिकवायला सुरुवात केली. मुंबईचा पंकज मोहिते आला. २०२१-२२ च्या पर्वात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत आले. पुढच्या वर्षी पलटण अंतिम सामन्यात पोहोचली, पण जयपूरनं त्यांना ३३-२९ असं हरवलं. आपण असतो तर काय म्हटलं असतं? "काढा ही पोरं!" त्यांनी काढली नाहीत. उलट अस्लमला कप्तान केलं. जोडीला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा कसलेला बचावपटू लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणनं हरयाणाला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद पटकावलं. त्या पर्वाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम!

त्याच्या पुढच्याच पर्वात अस्लम दुखापतीनं बाहेर गेला आणि पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही. कालचा नवा गडी आज संघाचा खांब झालेला असतो, तो असा.

आता एक हिशेब करू. कबड्डीत मैदानावर गडी असतात सात. त्यातला एक नवा म्हणजे संघाचा सातवा हिस्सा बदलला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे, म्हणजे बावीस. तिथे एक नवा म्हणजे बाविसावा हिस्सा. तेव्हा एका नव्या गड्यानं फरक पडण्याची शक्यता कबड्डीत जास्त. त्यातही चढाई करणारा एकटा जातो. त्याचे पाय चपळ असले की तो पहिल्या दिवशीही गुण आणतो. पण कोपऱ्यातला बचावपटू? त्याच्या हातात दुसऱ्याचा हात असतो. साखळी कधी आवळायची, कधी सोडायची, हे दोघांना एकाच क्षणी कळावं लागतं. ते आठ दिवसांत जमत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही बरं का. माझ्याच चुकीतून कळलं. आता कबूल करते.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्या फेरीत हरलो म्हटलं ना? त्याला कारण मी होते. सामन्याच्या चार दिवस आधी पाचवीतला एक मुलगा मला फार आवडला. पळायला वारा! मी सरावात जमलेली कोपऱ्याची जोडी फोडली आणि त्याला उजव्या कोपऱ्यात उभं केलं. शेजारच्याबरोबर त्याचा एकही सराव झाला नव्हता. सामन्यात पहिल्याच चढाईला तो एकटाच झेपावला. शेजारच्याला कळलंच नाही, तो जागेवरच राहिला. गुण गेला. पुन्हा तसंच. बघता बघता आमच्यावर लोण चढला. परत येताना रिक्षात कुणी तरी म्हणालं, "लिंबूटिंबू घेतला म्हणून हरलो." मी ते ऐकलं आणि मुलांची समजूत नंतर घालू असं म्हणून गप्प बसले. त्यानंतर दोन आठवडे तो मुलगा मैदानाकडे फिरकला नाही. मधल्या सुट्टीत वर्गातच डबा उघडून बसायचा.

चूक त्याची नव्हती, मुलांनो. गडी चांगला होता. त्याला उभं केलेली जागा चुकीची होती, वेळ चुकीची होती आणि त्याला उभं करणाऱ्या बाई घाईत होत्या. मी हे सगळ्या संघासमोर बोलून दाखवलं, पण दोन आठवडे उशिरा.

तर परवाच्या भांडणावर आम्ही तोडगा काढला तो असा. सातातले पाच जुने, दोन नवे. नव्यातला एक चढाईला, कारण तिथे त्याचे पाय बोलतात. दुसरा कोपऱ्यात, पण सातवीतल्या जुन्या कोपऱ्याशी त्याची जोडी आतापासूनच लावून दिली आहे. दोघं रोज पंधरा मिनिटं नुसती साखळी करतात. पंधरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आठ दिवसांतच ते एकमेकांकडे न बघता हात पकडायला लागले. आणि हो, तो कोपऱ्यातला दुसरा म्हणजे गेल्या वर्षीचाच आमचा पळणारा वारा. जुन्या कोपऱ्यानंच त्याला वर्गातून हाताला धरून आणलं.

यंदा आम्ही जिंकू का? माहीत नाही. पण हरलो तर रिक्षात कुणाचं नाव घ्यायचं नाही, एवढं सगळ्यांनी कबूल केलंय. बाईंनीसुद्धा!

आता दोन शब्द तुमच्या आई-बाबांसाठी. त्यांना वाचायला द्या.

पालकहो, आपल्या वसई-विरारमधून पहाटेच्या लोकलनं खांद्यावर किटबॅग घेऊन मुंबईला जाणारी मुलं आपण रोज पाहतो. विरारचा पृथ्वी शॉ असाच गाडीनं जायचा. २०१३ साली, १४ व्या वर्षी, हॅरिस ढाल स्पर्धेत त्यानं एका डावात ५४६ धावा केल्या. २०१८ मध्ये पहिल्याच कसोटीत शतक झळकावलं. सगळं गाव आनंदलं होतं. आणि २०२४ च्या नोव्हेंबरातल्या आयपीएल लिलावात त्याच्यावर एकाही संघानं बोली लावली नाही. विराट कोहलीला बंगळूरच्या संघानं २००८ साली एकोणीस वर्षांखालील मुलांमधून निवडलं. तो जगातला मोठा फलंदाज झाला, तरी त्या संघाला पहिलं विजेतेपद मिळायला २०२५ साल उजाडावं लागलं. अठरावं पर्व! एवढ्या मोठ्या माणसांचं हे असं असतं, मग आपल्या दहा वर्षांच्या लेकराकडून पहिल्या मोसमात आपण काय मागतो? मुलगा घरी आला की "किती गुण काढलेस?" हे जरूर विचारा. पण त्याआधी "कुणाबरोबर खेळलास?" हेही विचारा. त्याची जोडी जमली असेल, तर गुण मागून येतील.

मुलांनो, जाता जाता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या संघाची एक वही करा. पाच सामन्यांत जुन्या गड्यांनी किती गुण आणले, नव्यांनी किती, ते लिहा. तिसरा रकानाही आखा आणि कुणी कुणाला जिवंत करून आत आणलं, ते त्यात लिहा. हा तिसरा रकाना टीव्हीवर दाखवत नाहीत. पाच सामने झाले की वही उघडा आणि नवे गडी घेऊन तुमचा संघ सुधारला का, ते मला पत्रानं कळवा.

आणि उद्या मधल्या सुट्टीत तुम्ही कप्तान असाल, तर शेवटी उरणाऱ्या त्या चिमुरड्याला एकदा सर्वांत आधी मागून बघा.

तुमच्या,
बाई