भुताची गोष्ट आणि भरतीची गोष्ट

सुरतेच्या नैऋत्येस डुमसचा समुद्रकिनारा आहे. तेथील वाळू काळी. आणि जेथे वाळू काळी, तेथे भुताची गोष्ट उपजण्यास वेळ लागत नाही. रात्री तेथे गेलेला माणूस परतत नाही, अशी वदंता दूरवर पसरली आहे. सहलीच्या मुलांना तीच ऐकवावी, असा मोह वाटाड्यास होणे साहजिक आहे. मुले श्वास रोखून ऐकतात. पण एवढ्याने कथन साधले असे समजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या गोष्टीने ऐकणाऱ्याची नजर समोरच्या वस्तूवरून उडते, ती वाटाड्याच्या कामाची नव्हे.

खरी गोष्ट त्या वाळूतच आहे. मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरावी व खालून लोहचुंबक फिरवावा. काळे कण ताठ उभे राहतात. ‘‘समुद्रकाठी हे लोखंड आले कोठून?’’ एवढे विचारून वाटाड्याने क्षणभर गप्प राहावे. मुलांस तर्क करू द्यावा. मग सांगावे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला, त्याचा काळा पाषाण झाला. ऊनपावसाने तो झिजला आणि नद्यांनी त्याचे कण समुद्रास आणून दिले. तापी ही त्यांपैकीच एक. मुलताईस उगम पावून, खानदेश ओलांडून, सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट चालून ती येथे सागरास मिळते. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाल्यापासून पुष्कळसा गाळ तेथेच अडतो, हेही सांगावे. पोटासाठी खानदेशातून सुरतेस आलेल्या कुटुंबांतील मुलाला मग ही वाळू परकी वाटणार नाही.

फ्रीमन टिल्डन या अमेरिकन लेखकाने १९५७ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला. नुसती माहिती पुरत नाही. ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी तिचा सांधा जुळावा व त्याचे कुतूहल जागे व्हावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. आपणांस हे नवे नाही. प्रभू येशूने पेरणाऱ्याचा दाखला दिला, तेव्हा खडकाळ व काटेरी जमीन ऐकणाऱ्यांच्या पायांना ठाऊक होती.

वाचकहो, हा केवळ रसिकतेचा प्रश्न नव्हे. डुमस खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी आहे, आणि त्या आखाताइतकी मोठी भरती-ओहोटी आपल्या देशात क्वचितच आढळते. सपाट किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी दूर जाते आणि भरतीचे पाहता पाहता पायांशी येते. भुताला भ्यालेले मूल रात्री घरी बसेल, परंतु भर दुपारी बेधडक पाण्यामागे धावेल. भरतीची गोष्ट ऐकलेले मूल आधी वेळ विचारील आणि पाण्याकडे पाहूनच पाऊल टाकील.

आपल्या मुलांस नदीवर, खाडीवर, डोंगरावर नेणारे वाटाडे बहुधा आपणच असतो. गोष्ट अवश्य सांगावी; मात्र ती ऐकून मुलाचे डोळे मिटू नयेत, उघडावेत.