टंचाईच्या पोटी

संकट माणसाला घडवतं, हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यामागची अट नजरेआड होते. हा अंक त्या अटीविषयी आहे. १९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशानेही ती वाट धरली. पण दुष्काळ काही योजना आखत नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांची कामाची मागणी हक्क म्हणून मान्य व्हावी लागली. टंचाईतून सावरलेल्या हिवरे बाजार या गावालाही पाऊस वाढवता आला नाही. बोअरवेलवरच्या शेतीला आणि उसाला बंदी, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, ही शिस्त मात्र गावाच्या हातात होती.

मग तसाच तुटपुंजा पाऊस झेलणाऱ्या इतर गावांचं काय? आक्षेप रास्त आहे. बहुतेकांच्या वाट्याला कर्ज आणि स्थलांतरच आलं. म्हणूनच संकटाचे गोडवे गाणारे लेख आम्ही मागवले नाहीत (तसे आपणहून बरेच येतात!), एकत्र बसून निर्णय घेण्याची सोय कुठे होती, कुठे नव्हती, हे लेखकांना विचारलं. तुमच्या गावात टंचाईतून काय उभं राहिलं आणि काय मोडलं, दोन्ही आम्हाला कळवा.