अनवाणी पळण्याचं कौतुक पुरे!

आमच्या शिरपूर जैनला पोलीस भरतीची पोरं डांबरी रस्त्यावर पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. बुटाला पैसे मागितले की घरचे सुनावतात, 'कविता राऊत अनवाणीच पळायची ना?'

अहो, सुरुवातीला पळायची. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदकही आणलं. पण अनवाणी पळणं ही हौस नव्हती, गरिबी होती! तिचं उदाहरण देऊन पोरांच्या नडग्या कशाला दुखवता?

आणि पोरांनो, तुम्हीही नकली कंपनीच्या शिक्क्याला पैसे घालू नका. संध्याकाळी, पाय जरा फुगलेले असताना बूट घ्या. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. बूट चवड्याशी वाकावा, मधोमध नाही. स्वस्त चालेल, चुकीचा नको.