पिशवी काढायला तयार, तपासायला नाही

मैत्रिणींनो, दसरा झाला की आपल्या भागातल्या वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाची उचल घेतलेली, मग पुढचे पाच-सहा महिने फडातली कोपी हेच घर. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कोणी कर्नाटकात. इकडे आपल्या निवाड्याच्या रेणा कारखान्याच्या उसावर बाहेरच्या टोळ्या उतरतात. या बायकांशी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं बोलायला बसलं की उत्तर ठरलेलं. “मला काय झालंय तपासायला?” आणि पिशवीचं विचारलं तर, “ती कवाच काढली की ताई. लेकरं झाली, आता तिचं काय काम?”

म्हणजे पोट फाडून घ्यायची तयारी आहे, पण दोन मिनिटांच्या तपासणीची नाही. मला वाटतं सगळं दुखणं इथंच आहे.

बीडचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, ते आठवत असेल. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला तो असा, की पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. यात कॅन्सरच्या भीतीचा वाटा मोठा. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जाते. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. पण “पुढं कॅन्सर होईल” एवढं कोणी म्हटलं की ती व्याज काढून ऑपरेशन करून घेते. मी तिला नावं ठेवणार नाही. फडात न्हाणीघर नाही, आडोसा नाही, पाळीत एक दिवस बसलं तर खाडा कापला जातो. पाळीची कटकट गेली आणि कॅन्सरचीही, असा तिचा हिशेब. बरोबर अंडाशयही काढलं असेल तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, हे तिला कोण सांगणार?

खरं तर हा कॅन्सर सावकाश येणारा. एचपीव्ही नावाच्या विषाणूपासून तो होतो आणि व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो आधीच ओळखता येतो. नर्सबाई मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावते (आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच), मिनिटभर थांबते, पांढरा डाग उठतो का बघते. भूल नाही, टाका नाही. सरकारी धोरणाप्रमाणे 30 ते 65 वयाच्या बाईने दर पाच वर्षांनी ही तपासणी करायची.

“आपल्या बायका लाजतात, येतच नाहीत,” असं शिबिरवाले म्हणतात. लाज आहेच. “मी काय तसली बाई हाय का?” हे मीही ऐकते. नवऱ्याला विचारावं लागतं, पुरुष डॉक्टर नको असतो, तपासलं की नसलेला रोग निघतो असंही म्हणतात. पण शेजारच्या उस्मानाबादचं (आताचं धाराशिव) उदाहरण बघा. टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने 1999 पासून तिथल्या खेड्यांत मोठा अभ्यास केला. एकूण 1,31,746 बायका. तपासणीला बोलावलेल्यांपैकी दर पाचांत जवळजवळ चौघी आल्या! याच आपल्या नऊवारीतल्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या बायका. घरोघर जाऊन समजावलं होतं, एवढंच. निकाल 2009 मध्ये आला. आठ वर्षांत विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटात 64, आणि दोन्ही गट तीस हजारांवरचे. तपासणी न दिलेल्या बायकांचं काय, यावर पुढे टीका झाली. ती रास्तच आहे.

तेव्हा लाजेवर सगळं ढकलू नये. ऊसतोड बाईची अडचण बरीचशी कॅलेंडरची आहे. शिबिरं हिवाळ्यात लागतात, तेव्हा ती फडात. तपासणी झालीच तर रिपोर्ट येईपर्यंत टोळी पुढच्या गावाला गेलेली. म्हणून तिची तपासणी टोळ्या निघायच्या आधी, भादवा-अश्विनात व्हायला हवी, आणि डाग दिसला तर तो जाळायचा छोटा उपचार शक्यतो त्याच दिवशी. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला गावोगावच्या बायका येतात. देवळाच्या आवारात आशाताईंनी समजावलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाई डॉक्टर बसवली, तर किती सोपं होईल! विषाणूच्या चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलंय. ही सोय आपल्या तालुक्यात मागायला हवी. मग डॉक्टरसमोर उघडं व्हायचा प्रश्नच राहत नाही.

आणि इकडे उतरलेल्या परक्या टोळ्यांसाठी मुकादमाला आधी गाठावं लागेल. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरणार नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं. कारखाना आणि ग्रामपंचायत मध्ये पडली तर तो ऐकेल. आपण चौघीजणी गेलो तर चहा पाजून परत पाठवेल.