बालमनाचे निमित्त आणि पंढरपूरचा चित्रकार

एखादे चित्र वा शिल्प वादात सापडले की बंदीच्या मागणीबरोबर एक प्रश्न हमखास येतो : मुलांवर काय संस्कार होतील? सोलापूर परिसराच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे. ते ऐकण्याची तयारी मात्र मोठ्यांची दिसत नाही.

सोलापूर हे दिगंबर जैन परंपरेचे महत्त्वाचे केंद्र. जीवराज जैन ग्रंथमाला येथलीच. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागरांनी 1955 साली सल्लेखना घेऊन देह ठेवला. दिगंबर म्हणजे दिशा हेच ज्याचे वस्त्र, तो. या परंपरेतील मुनी निर्वस्त्र विहार करतात, मंदिरातील तीर्थंकरमूर्तीही निर्वस्त्र असते आणि आजी नातवंडाला हाताला धरून दोघांपुढेही नमस्कार करायला लावते. त्या दर्शनाने या घरांतील मुले बिघडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मुलाने ‘असे का?’ विचारले, तर घरात उत्तर तयार असते : अपरिग्रह. ज्याने वस्त्राचीही मालकी सोडली, असा माणूस.

ते वैराग्य आहे, चित्रकाराच्या नग्नाकृतीशी त्याची तुलना कशी होईल, हा आक्षेप येणारच. आक्षेप रास्त आहे. पण तो घेणाराच त्यात अडकतो. उघड्या देहाचा अर्थ संदर्भाने ठरतो हे एकदा मान्य केले की मुलाला तो संदर्भ कोणी सांगायचा, एवढेच उरते. तिथे पालकांची वाचा बसते, आणि त्या मौनाला ‘संस्कार’ हे भारदस्त नाव मिळते.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 साली याच जिल्ह्यातला, पंढरपूरचा. त्यांनी 1970च्या दशकात काढलेल्या देवतांच्या रेखाटनांवरून 1996मध्ये वादळ उठले. पुढे 2006 साली नकाशाच्या आकारातील स्त्रीदेहाच्या चित्रावर खटले झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने 8 मे 2008 रोजी ते रद्द केले, तरी हुसेन परतले नाहीत. त्यांनी 2010 साली कतारचे नागरिकत्व घेतले आणि 2011मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. देवतांच्या चित्रणाने श्रद्धा दुखावते का, हा स्वतंत्र वाद आहे. तो मोठ्यांनी मोठ्यांशी, स्वतःच्या नावावर घालावा. मुलांना पुढे करून घालू नये.

मुलांना पुढे करण्याची ही युक्ती अस्सल देशी आहे, असा समज असेल तर तोही तपासावा. इंग्लंडमधील 1868च्या हिक्लिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरली : ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडतील, त्यांच्या हाती हे पडले तर काय होईल? म्हणजे सर्वांत कोवळ्या वाचकाच्या मापाने सगळ्या समाजाचे कपडे बेतायचे! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली ही कसोटी काही फेरफारांसह स्वीकारली आणि 2014 साली ती सोडून दिली. संस्कृतिरक्षणाचा झेंडा घेतलेल्यांच्या हाती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही मोजपट्टी अजून आहे, हा विनोद त्यांच्या ध्यानात येत नसावा.

भारतीय दंडसंहितेत तर अश्लील साहित्याचे कलम 292 आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला ते देण्याबद्दलचे, अधिक कडक शिक्षेचे कलम 293 वेगवेगळी होती. प्राचीन स्मारकांवरील आणि मंदिरांवरील शिल्पांना 292मधून स्पष्ट सूट होती. मुलांचे रक्षण आणि प्रौढांची कला हे दोन प्रश्न आहेत, एवढे कायद्यालाही कळत होते.

पालकांची भीती खोटी नाही. सातवीतल्या मुलाच्या हातातील मोबाइलवर जे येते, त्यापासून त्याला वाचवलेच पाहिजे. कोणते चित्र कोणत्या वयात दाखवावे, हेही घरानेच ठरवावे. पण मोबाइलवरच्या त्या दृश्यांत माणसाची वस्तू झालेली असते. हा फरक ओळखायला मुलाला चांगले चित्र पाहिलेले असावे लागते, आणि कोणाशी तरी बोललेलेही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले ते याच अबोल्याविरुद्ध. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. घरोघरचा अबोला अजून तसाच आहे.

सोलापूरहून तेर फार लांब नाही. तिथे लज्जागौरीच्या प्राचीन प्रतिमा सापडल्या आहेत : उताणी, गुडघे फाकलेली, प्रसूतीच्या मुद्रेतील नग्न देवी. तिच्या अनेक प्रतिमांत मस्तकाच्या जागी कमळ असते. अशा प्रतिमेपुढे मुलाने ‘ही कोण?’ म्हणून विचारले, तर त्याचा हात ओढून पुढे जाण्याची गरज नाही. ही जन्म देणारी आई आहे, लोक तिच्याकडे मूल मागत आणि शेताला पीक मागत, हे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला सहज कळते. मग ते बहुधा कमळाविषयी विचारते.